टोपलीच्या जागी तार

मानवत
९ मार्च १९९२

अण्णा,

साष्टांग नमस्कार लिहावा असं तू दोन वर्षांत काही केलेलं नाहीस, म्हणून नुसतंच अण्णा. पत्ता आईनं दिला. तिला तू गुपचूप पत्रं टाकतोस हे अप्पांना ठाऊक नाही, असं तिला वाटतं. अप्पांना ते पक्कं ठाऊक आहे, कारण पोस्टमन आधी आपल्या आडतीवर चहा पितो आणि मग घरी जातो.

मी सत्यशीला. तुझी धाकटी बहीण. जाताना जिच्या गळ्यात सहा जुने कॉम्प्युटर आणि एक रिकामा क्लास बांधून गेलास, तीच. पुण्याच्या कुठल्याशा कचेरीनं मोडीत काढलेले ते डबे तू हौसेनं आणलेस, दुकानाच्या मागच्या खोलीत मांडलेस, बसवंतराव आडत्याचा पोरगा मानवतात कॉम्प्युटर शिकवणार म्हणून गावभर सांगितलंस आणि वर्षाच्या आत बंगळूरला नोकरी धरलीस. अप्पांना तोंडावर म्हणालास, "हे इथं भंगारच राहणार, आणि मीही." त्या दिवसापासून तुमचं दोघांचं बोलणं बंद. मधल्या मध्ये आई आणि मी.

तर ऐक. सहापैकी चार चालतात. क्लासला पोरी येतात आणि आठवडाभरात जातात. त्यांचं काही चुकत नाही. काळा पडदा, त्यावर एक लुकलुकणारी रेघ, आणि इंग्रजीत हुकूम द्यायचा. एक अक्षर चुकलं की यंत्र इंग्रजीतच अंगावर येतं. कोण बसेल तिथं?

तुला आठवतं, धान्याच्या पोत्यांवर बसून तू मला तुझ्या कॉलेजातल्या त्या छोट्या पांढऱ्या परदेशी यंत्राचं वर्णन करायचास? पडद्यावरच टेबल मांडलेलं. त्यावर कागद, कागद ठेवायला फायली, कोपऱ्यात केराची टोपली. हुकूम नाही, पाठांतर नाही, चित्र धरायचं आणि हलवायचं. आलेखाच्या कागदावर तू मला ते काढूनही दाखवलं होतंस. मी ते यंत्र कधी पाहिलं नाही. पण अण्णा, मी ते करायला घेतलं आहे. आपल्या त्याच जुन्या डब्यांवर, पहिल्या ओळीपासून, आणि मराठीत. यंत्र सुरू केलं की ते टेबलच समोर यावं, काळा पडदा कुणी बघूच नये.

घाई आहे. शेजारच्या माणिकराव आडत्यांना खताच्या एजन्सीसाठी आपली मागची खोली हवी आहे. अप्पांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे बघ बाई, दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्या येत्यात. तवर ह्या डब्यावर मुगाची एक हिशोबपट्टी झाली पाह्यजे. तू केलेली न्हाई, मी सोता बसून केलेली. झाली तर खोली तुझी. न्हाई तर भंगारवाल्याला सांगावा धाडतो." मी म्हटलं, चालेल. ते जरा चमकले. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं.

आता कामाचं. पडद्यावर एक कागद दुसऱ्यावरून सरकवला की खालच्या कागदाला भोक पडतं. जिथून वरचा कागद गेला तिथं काळंच राहतं. तुझ्या त्या पांढऱ्या यंत्रात ते कसं भरून यायचं? एवढं कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

सत्यशीला


मानवत
२१ जून १९९२

अण्णा,

तुझं कार्ड मिळालं. "बाजारात तयार माल येतोय, नवी यंत्रं घ्या, वेडेपणा सोड." बंगळूरला बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? नवी यंत्रं घ्यायला अप्पा तुला विचारतील तेव्हा सांग. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाहीस. तुला येत नसेल, अशी मी समजूत करून घेतली.

तर ते मला सुटलं. आधी मी काय केलं, वरचा कागद ठेवण्याआधी खाली जे होतं ते सगळं यंत्राच्या आठवणीत साठवून ठेवू लागले. तीन कागद पसरले की यंत्राची जागा संपली आणि ते मान टाकून बसलं. मग एकदा आई पडवी सारवत होती. रात्रीच्या पावसानं एका कोपऱ्यात पोपडा निघाला होता. आई तेवढाच कोपरा सारवून उठली. मी म्हटलं, "आई, बाकीचं?" ती म्हणाली, "बाकीचं चांगलं हाय की. उखडलंय तेवढंच धरावं." मी तशीच ओल्या पायानं दुकानात पळाले. आता कागद सरकला की यंत्र फक्त उघडा पडलेला तुकडा तपासतं, तिथं कोणकोण होतं ते बघतं आणि तेवढंच पुन्हा काढतं. अण्णा, कागद कागदावरून असा सरकतो की बघत राहावं. मी तासभर नुसतीच सरकवत बसले होते.

मराठी अक्षरं ठिपका ठिपका करून काढली. "क्ष" नं जीव खाल्ला. "ळ" मात्र पहिल्या फटक्यात देखणा आला, आपल्या भाषेचा तो लाडका असावा. एक यंत्र वारलं. त्याच्या आतले अवयव बाकीच्या तिघांना बसवले, म्हणजे आता तीन धडधाकट आहेत.

एक अडचण खरी आहे. चित्र धरायला ते उंदरासारखं खेळणं लागतं, माऊस. परभणीत नाही, नांदेडात नाही. तूर्त मी बाणाच्या बटणांनी टेबलावर फिरते, पण ते बैलगाडीनं ओसरी ओलांडण्यासारखं आहे. मी मागत नाही. सांगते आहे.

सत्यशीला


मानवत
१७ ऑगस्ट १९९२

अण्णा,

पार्सल आलं. तीन माऊस, आणि चिठ्ठी नाही. तुझा स्वभाव जाईल कुठं! विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चामुळे परभणीहून एसटी बंद होत्या, म्हणून पोस्टातच आठवडा पडून राहिलं. पोस्टमननं ते अप्पांच्या समोरच ठेवलं. पाठवणाऱ्याचं नाव, चंद्रप्पा, अप्पांनी वाचलं, पार्सल माझ्याकडे सरकवलं आणि "वजनाला हलकं हाय" एवढंच म्हणाले. मला हसू आलं. तुझी आठवण येते रे. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

चालतात. पहिल्यांदा बाण माझ्या हाताबरोबर पळाला तेव्हा मी ओरडले. वखारीतले हमाल धावत आले, त्यांना वाटलं विंचू चावला.

पण एक गंमत बघ. माझ्याशिवाय कुणालाच ते जमेना. आपले दत्तराव मुनीम, ज्यांची बोटं उभ्या आडतीचा हिशोब करतात, ते माऊस हातात धरून हाताकडेच बघत बसतात. हात इकडे, बाण पडद्याच्या तिसऱ्याच टोकाला. वर बघितलं की हात थांबतो, खाली बघितलं की बाण हरवतो. पोरींचं तेच. "पडद्याकडे बघा, हाताकडे नको" हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. हळूहळू शिकताहेत, पण रडतखडत. आणि ज्यांना पाडव्याला हे करायचं आहे ते अप्पा हातही लावायला तयार नाहीत. मी म्हटलं, "अप्पा, थोडा सराव करा." तर म्हणाले, "लिलावाला उभं राह्याचा सराव करतेत का कुणी? त्या दिवशी बघू." दारात उभे राहून रोज बघतात मात्र. मी वळले की रस्त्याकडे तोंड करतात.

काम होणार. मला शंका नाही. तुला असली तर तुझ्यापाशी ठेव.

सत्यशीला


मानवत
२० सप्टेंबर १९९२

अण्णा,

गेल्या सोमवारी सगळं ठप्प झालं. दत्तरावकाका सरावाची हिशोबपट्टी करत होते. आता ते पुरती पट्टी करतात. शेतकऱ्याचं नाव, मालाचं वजन, भाव, हमाली, आडत, खाली बेरीज. पट्टी ठेवायला गेले तर यंत्र म्हणालं, जागा नाही. दुसऱ्या यंत्रावर गेले, तिथंही जागा नाही. पाडवा दीड महिन्यावर आलेला.

फ्लॉपी उघडून बघते तर महिनाभरातल्या सगळ्या चुकलेल्या पट्ट्या जशाच्या तशा पडलेल्या. नाव चुकलेल्या, वजन चुकलेल्या, अर्ध्यात सोडलेल्या. आणि टोपली रिकामी! तुझ्या चित्राबरहुकूम, कोपऱ्यात, विणीसकट काढलेली माझी सुरेख टोपली. तिच्यात कुणी एक कागद टाकलेला नाही.

मी तडकलेच. "काका, चुकलेली पट्टी टोपलीत टाका म्हणून किती वेळा दाखवलं?"

दत्तरावकाका चष्मा पुसत म्हणाले, "दाखीवलं की. पण ताई, पट्टीच्या वर 'ॐ नमः शिवाय' लिवलंय. ते केराच्या टोपलीत कसं टाकावं? माझा हात व्हईना."

पोरींना विचारलं. त्यांच्या कागदावर वर "श्री". शाहीनच्या कागदावर ७८६. एकीचाही हात झालेला नव्हता. मला कुणी सांगितलं नाही, कारण त्यांना वाटलं ताईंना एवढं कळत असेलच. आणि कळायलाच हवं होतं की! आडत्याची मुलगी मी. आपल्या दुकानात लिहिलेला कागद केरात गेलेला तू तरी कधी पाहिलास का? चुकलेली पट्टी खांबावरच्या वाकड्या तारेला टोचतात. वर्ष सरलं की तारेवरची सगळी चळत गोदाकाठी नेऊन गंगेत सोडून येतात. तुझ्या पांढऱ्या यंत्राच्या देशात देवाचं नाव लिहून हिशोब करत नसतील, त्यांना टोपली पुरते.

मी टोपली काढून टाकली. तिच्या जागी तार लावली, वरून लोंबणारी, खाली आकडा. कागद धरून आकड्यावर नेला की टोचला जातो. चुकून टोचला तर काढूनही घेता येतो. तार भरली की यंत्र विचारतं, "गंगेत सोडू का?" हो म्हटलं की जागा मोकळी. दत्तरावकाकांनी त्या दिवशी महिन्याभराच्या चुका एका दमात टोचल्या, माळ ओवावी तशा. मग गंगेत सोडताना त्यांनी पडद्याला हात जोडले. हसू नकोस.

तुला हे सगळं आवडेल असं वाटतं, म्हणून लांबलचक लिहिलं.

सत्यशीला


मानवत
११ ऑक्टोबर १९९२

अण्णा,

आवडलं नाही तर. "टोपली काढलीस तर ते तेच राहिलं नाही. ज्यांनी ते मूळ केलं त्यांनी एकेक गोष्ट विचारानं ठेवली होती. नक्कल करायची तर जशीच्या तशी कर, नाहीतर माझं नाव त्याला लावू नकोस." बरं. तुझं नाव मी लावलं नव्हतंच.

आता माझं ऐक. तू ते मूळ पाहिलं आहेस, त्यावर जीव लावला आहेस, आणि ते तुला परत हवं आहे. मला तुझं ते दुखणं कळतं. मी मात्र ते कधी पाहिलं नाही, मला फक्त तू सांगितलेलं ठाऊक. आणि तू काय सांगितलं होतंस? पोत्यांवर बसून म्हणाला होतास, "माणसाला जे काम आधीच येतं, तेच पडद्यावर मांडलं की शिकवावं लागत नाही." तिथल्या लोकांना टेबलाशी बसून टोपलीत कागद टाकणं येत होतं. इथल्या लोकांना गादीवर बसून तारेला टोचणं येतं. मग तुझं ते म्हणणं जसंच्या तसं कुणी पाळलं, तू का मी? विचार कर आणि शांत हो.

बाकी सगळं तुझ्या चित्रासारखंच आहे. वरची पट्टी, कागदाचे कोपरे, फायलीची कानपट्टी, दोनदा दाबलं की उघडणं. रेघ अन् रेघ. तू आलास तर डोळे मिटून चालवशील.

आणि एक. तुझं पत्र रागाचं होतं पण सहा पानी होतं. दोन वर्षांत तू मला सहा ओळी लिहिल्या नव्हत्यास. भांडायला तरी परत आलास, मला बरं वाटलं.

पाडव्याला दारात येऊन बस म्हणून भंगारवाल्याला सांगावा गेला आहे. अप्पा दिल्या शब्दाचे पक्के, दोन्ही बाजूंनी.

सत्यशीला


मानवत
३० ऑक्टोबर १९९२

अण्णा,

पाडवा झाला. सगळं क्रमानं सांगते, मध्ये उडी मारून शेवट वाचू नकोस.

सकाळी वह्यांची पूजा झाली. आडते मंडळी पानसुपारीला आली होती. माणिकराव तर खोलीचं माप घ्यायला फीतच घेऊन आले होते, पाडव्याच्या दिवशी! दारात सिताराम भंगारवाला हातगाडी लावून बसला. मुहूर्ताचा मूग पाथरीकडच्या सटवाजींचा होता. भाव ठरला, माप झालं, आणि अप्पा धोतर सावरून मागच्या खोलीत आले. सगळी मंडळी त्यांच्या मागून दारात. मी यंत्र लावून ठेवलं होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

अप्पांनी माऊस धरला आणि व्हायचं तेच झालं. ते हाताकडे बघू लागले आणि बाण पळाला कोपऱ्यात. ओढून आणला, पुन्हा पळाला. मी बोलायचं नाही असं ठरलं होतं. म्हणून ओठ आतून चावून घेतला.

माणिकराव गोड आवाजात म्हणाले, "बसवंतराव, ऱ्हाऊ द्या. ह्या वयात कशाला तरास करून घ्यायलाव?"

अप्पांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खांद्यावरची दस्ती काढली आणि आपल्या हातावर टाकली. हात, माऊस, सगळं झाकून गेलं. मला वाटलं, न ऐकणारा हात लपवला. वाईट वाटलं रे. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. जन्मभर त्यांनी भाव ठरवला तो दस्तीखाली, समोरच्याची बोटं दाबून. उघडा लिलाव येऊन वर्षं झाली, पण बोटानं दाबायची गोष्ट अप्पांचा हात उघड्यावर करतच नाही. आणि दस्तीखाली भाव करताना हाताकडे बघायचं नसतं. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं असतं.

अप्पांनी पडद्याच्या तोंडाकडे बघितलं. हात दिसतच नव्हता, मग बघणार कशाकडे? बाण शहाण्यासारखा उभा राहिला. दस्ती हलली, बाण हलला. हिशोबपट्टीवर गेला. दस्तीखाली दोनदा दाबल्याचा आवाज आला आणि पट्टी उघडली. दारातल्या आडत्यांमध्ये एक "हां!" उठला, सौदा पटल्यावर उठतो तसा. त्यांना कुणालाच त्यात वेगळं काही वाटलं नाही, सगळ्यांच्या खांद्यावर दस्ती होतीच.

अक्षरं एकेक बोटानं टिपली. वजनात चूक झाली. अप्पांनी पट्टी धरली, तारेपर्यंत नेली, टोचली आणि दुसरी घेतली. त्या डब्यांसोबतच आलेलं छपाईयंत्र करकरलं. पट्टी बाहेर आली ती त्यांनी वाचली, सटवाजींच्या हातात दिली. सटवाजींनी लांब धरून, जवळ धरून बघितली. "आरं, वाचाया येतंय की! नाव माझंच हाय." मग त्यांनी ती दारातल्या सगळ्यांना वाचून दाखवली, हमालीसकट.

माणिकरावांनी विचारलं, "हे बसवून दिलं कुणी? पुण्याचा माणूस आणला व्हता का?"

"माझ्या लेकीनं केलं," अप्पा म्हणाले. "फीत घालून ठिवा खिशात."

अण्णा, मी मागं वळून भिंतीकडे तोंड केलं. तू असतास तर मला चिडवलं असतंस, म्हणून सांगून टाकते, हो, रडले.

आता पुढचं ऐक. दारात सिताराम बसलेला. पाडव्याच्या दिवशी दारात बोलावलेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं धाडावं? अप्पा पायरीवर आले, इकडे तिकडे बघितलं आणि वर बघितलं. दुकानावरची पत्र्याची पाटी. "बसवंतराव अँड सन". तू दहावी झालास तेव्हा हौसेनं लावलेली. अप्पांनी हमालाला शिडी लावायला सांगितली.

"ही ने. पत्रा चांगला हाय," ते सितारामला म्हणाले.

आई आतून धावत आली, पदर तोंडाला लावून उभी राहिली. गाडीवर पाटी आडवी पडली आणि माझा सगळा आनंद खाली बसला. मी जिंकले होते आणि मला ते नको झालं होतं. मी अप्पांना म्हटलं, "हे काय केलंत?" पहिल्यांदाच असं बोलले. ते तसेच आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चंद्रभान पेंटरला बोलावलं. आता घरात यंत्र आहे म्हणून नवी पाटी कशी दिसेल ते मला पडद्यावर काढायला लावलं. मी बसले. ते मागं उभे राहून मजकूर सांगू लागले. बसवंतराव. त्याखाली सत्यशीला. माझी बोटं थांबली. "लिही की," म्हणाले. मग म्हणाले, "त्याखाली चंद्रप्पा."

चंद्रभाननं भीत भीत विचारलं, "मालक, थोरल्याचं नाव आधी घेऊ का?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "दुकानात हाय त्याचं आधी."

पाटी काल लागली. तुझं नाव आहे तिच्यावर, अण्णा. माझ्या खाली आहे. येऊन बघून जा.

सत्यशीला